कणकण नेमकी कुठे असते?

ताप थर्मामीटरवर दिसायच्या कितीतरी आधी आपल्याला त्याची चाहूल लागते. अंगात कसकस जाणवते, अंग मोडून येतं, आवडीची भाजी ताटात तशीच राहते, कुणी हाक मारली तरी ओ द्यावीशी वाटत नाही. याला आपण कणकण म्हणतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण अंगाचं दुखणं आणि मनाचं मिटून जाणं तो एकाच मुठीत धरतो. वैद्यकशास्त्राने मात्र ही दोन्ही बराच काळ वेगळी ठेवली होती. ताप हा आजाराचा भाग, आणि मरगळ म्हणजे नुसता अशक्तपणा, असंच धरलं जाई.

१९८८ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी याच्या नेमकं उलट मांडलं. आजारी जनावर कोपरा धरून, अंग आखडून बसतं, चारा सोडतं, अंग चाटत नाही. ही त्याची ताकद संपल्याची खूण नव्हे, तर त्याने, म्हणजे त्याच्या मेंदूने, धरलेली वागण्याची एक वेगळी रीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायचं तर ऊर्जेचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. एवढा खर्च डोक्यावर असताना भटकायचं कशाला? पडून राहिलं की ऊब टिकते आणि वाचलेली शक्ती जंतूंशी लढायला मिळते.

हे खरं कशावरून? हार्ट यांच्याही आधी, १९६४ मध्ये, नील मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही सुंदर प्रयोग नोंदवले होते. तहानलेले उंदीर पाण्यासाठी दांडी दाबायला शिकले होते. त्यांना जिवाणूंच्या आवरणातला एक घटक टोचला. जिवंत जंतू नव्हे, फक्त आवरणाचा तुकडा. पण शरीराला जंतू शिरल्याचा भास व्हायला तेवढा पुरतो. उंदरांनी दांडी दाबणं कमी केलं. गळून गेले असतील, असं कुणीही म्हणेल. मग असेच टोचलेले उंदीर एका फिरत्या पिंपात ठेवले. तिथे दांडी दाबली की पिंप थोडा वेळ थांबे आणि विश्रांती मिळे. तिथे मात्र ते जास्त वेळा दांडी दाबू लागले. म्हणजे पायांत बळ होतं. बदललं होतं ते काय हवंसं वाटतं ते.

माझ्या मनातून न जाणारा प्रयोग १९९७ चा आहे, रॉबर्ट डँट्झर यांच्या फ्रान्समधल्या गटाचा. पिल्लं अंगावर असलेल्या उंदरांच्या माद्यांना तेच इंजेक्शन दिलं, पिल्लं पिंजऱ्यात विखुरली आणि घरटं मोडलं. खोलीत २२ अंश तापमान असताना आजारी आईने पिल्लं गोळा केली, पण घरटं बांधायचं सोडून दिलं. मग तापमान ६ अंशांवर आणलं. अशा थंडीत घरट्यावाचून पिल्लं जगली नसती. तेव्हा त्याच आजारी माद्यांनी घरटंही बांधलं. तापाने फणफणलेली आई लेकरू रडलं की कशी उठते, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आजारी मेंदू बंद पडलेला नसतो. आत्ता कशावाचून अडतं आणि कशावाचून नाही, याचा हिशेब तो नव्याने मांडत असतो.

पण बोटात काटा रुतला किंवा पोटात जंतू शिरले, हे कवटीतल्या मेंदूला कळतं कसं? बोट लाल होतं, गरम होतं, सुजतं, ठणकतं. रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाच्या याच चार खुणा लिहून ठेवल्या. त्या जागी जमलेल्या संरक्षक पेशी काही रेणू सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली ठळक नावं. हे रेणू आकाराने मोठे असतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पहारा असतो, त्यातून ते सहज आत जात नाहीत. म्हणून निरोप वेगळ्या वाटांनी जातो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी रक्तातली सायटोकाइनं ओळखतात आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा छोटा रेणू आतल्या बाजूला सोडतात. तो हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या भागापर्यंत, पोचला की ताप चढतो. पॅरासिटामॉलची गोळी हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करते.

दुसरी वाट व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूची. तो मेंदूच्या देठापासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जातो, आणि त्यातले बहुतेक धागे खालच्या बातम्या वर नेणारे असतात. १९९० च्या दशकात उंदरांमध्ये त्याची पोटाकडे जाणारी शाखा कापून पाहिली. पोटात दाह तोच होता, पण मरगळ बरीच ओसरली होती. अलीकडे, २०२४ मध्ये, चार्ल्स झुकर यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने दाखवलं की मेंदूच्या देठातल्या काही पेशी या बातम्या नुसत्या ऐकत नाहीत, तर दाहाला लगामही घालतात. उंदरांमध्ये त्या पेशी गप्प केल्या तेव्हा दाह बेफाम झाला.

आजारात अन्न नकोसं वाटतं, त्यामागेही मेंदूच असतो. आपल्याकडे तापात लंघन सांगतात, किंवा पेज आणि मेतकूट-भातावर भागवतात. उंदरांवरच्या एका प्रयोगात, २०१६ साली, याबद्दल गुंतागुंतीचं उत्तर मिळालं. जिवाणूंची बाधा झालेल्यांना बळेच ग्लुकोज भरवलं तेव्हा ते दगावले. फ्लूच्या विषाणूची बाधा झालेले मात्र भरवल्याने वाचले. यावरून माणसांसाठी पथ्याचा नियम काढायची घाई कुणी करू नये, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

इथवरचं सगळं चार-पाच दिवसांत संपणाऱ्या दाहाबद्दल झालं. माझी खरी काळजी न संपणाऱ्या दाहाची आहे.

कर्करोगाच्या आणि हेपटायटिस सी च्या रुग्णांना इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइन औषध म्हणून दिलं जाई, तेव्हा त्यांतले बरेच जण खोल उदासीत जात. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांवरचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरचं औषध दिलं होतं, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के नैराश्यात गेले, औषध घेणाऱ्यांपैकी ११ टक्के. कर्करोगाचं भय तर दोन्ही गटांत होतं. पुढे धडधाकट स्वयंसेवकांना जिवाणूंच्या आवरणाचा अगदी सूक्ष्म डोस दिला गेला. काही तासांत त्यांचं मन उतरलं, आणि आपण माणसांपासून तुटलो आहोत असं त्यांना वाटू लागलं. त्यांच्या आयुष्यात काहीच बदललं नव्हतं, बदललं होतं ते रक्त.

माझ्या आत्याला आमवात होता. सकाळी बोटं आखडायची ती सर्वांना दिसायची. पण दिवसभर जीव नकोसा होतो, शेजारी कुणी आलं तरी नको वाटतं, हे ती सांगायची तेव्हा घरातले म्हणायचे, "मनाने उठायला पाहिजे ना." आम्ही तिच्यावर अन्याय केला. २०११ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारं औषध दिलं आणि मेंदूचे स्कॅन काढले. वेदनेला मेंदू देत असलेला प्रतिसाद २४ तासांत उतरला, सांध्यांची सूज मात्र अजून तशीच होती. औषधाचा गुण सांध्याआधी मेंदूत दिसला.

म्हणून प्रत्येक नैराश्य दाहातून येतं असं नाही, आणि ही गोष्ट मला ठासून सांगायची आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर टीएनएफ रोखणारं औषध वापरून पाहिलं, त्याचा निकाल २०१३ मध्ये आला. एकूण गटाला काही फायदा झाला नाही. ज्यांच्या रक्तात सीआरपी हा दाहाचा निर्देशक लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त होता, त्यांच्यातच सुधारणेच्या खुणा दिसल्या. नैराश्याची चालू गोळी सोडून मनानेच सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेणं पोटाला आणि मूत्रपिंडांना महागात पडतं.

एक गोष्ट मात्र आज, कुठल्याही घरात उपयोगी पडेल. ऐंशीच्या घरातलं माणूस कालपर्यंत नीट होतं आणि आज अचानक असंबद्ध बोलतंय, घरच्यांना ओळखत नाहीये किंवा दिवसभर गुंगीत आहे. ताप नाही, खोकला नाही. वय झालं, भ्रमिष्ट झाले, असं म्हणून लोक थांबतात. म्हातारपणी संसर्गात ताप चढेलच असं नसतं. पुष्कळदा पहिली खूण वागण्यातच दिसते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कालपर्यंत ते कसे होते हे स्पष्ट सांगा, आणि लघवी, रक्त आणि छाती तपासून घ्या.