फर्माचा अंदाज कुठे हुकला

४,२९,४९,६७,२९७. शाळेतल्या कसोट्या लावून पाहा. शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ही बाद. ७ आणि ११ नेही बाकी उरतेच. ही मूळ संख्या असावी, असंच वाटू लागतं.

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, त्यालाही तसंच वाटलं होतं. २ चे १, २, ४, ८, १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ. हा क्रम असाच चालू राहील, असं त्याने १६४० मध्ये पत्रातून कळवलं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. पुढचा घात ३२ वा, आणि त्यातून येते ती आपली संख्या.

१७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलर या स्विस गणितीने दाखवून दिलं, की हिला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७००४१७, आणि तो स्वतः मूळ आहे.

मला या गोष्टीत सर्वांत चटका लावतं ते पुढचंच. फर्माचा एक सुंदर सिद्धान्त, तोही १६४० सालचाच, वापरला तर कळतं की या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असणार. अशा मूळ संख्या ओळीने घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. फक्त पाच भागाकार! हत्यार घरातच होतं.

भागाकार न करताही खात्री पटते. ५ × १२८ = ६४०, म्हणजे ६४१ ने भागल्यावर बाकी −१ धरता येते. १२८ हा २ चा ७ वा घात. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६२५ म्हणजे ६४१ वजा १६. म्हणून ६२५ च्या जागी −१६ ठेवा. १६ हा २ चा चौथा घात, तेव्हा २ चा ३२ वा घात उणे चिन्हासह उरतो आणि त्याची बाकी १ येते. उणे चिन्ह काढलं की बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. वहीत एकदा करून पाहाच.

तर ही संयुक्त संख्या, दोनच मूळ अवयवांची. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटलेल्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांत ती बसत नाही, कारण तिला ५९ ने भाग जात नाही. पण दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन तऱ्हांनी लिहिता येते: ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे. मूळ संख्येला अशी दुसरी तऱ्हा कधीच नसते, त्यामुळे एकही अवयव न शोधता ती संयुक्त ठरते.

फर्माच्या त्या पाचांनंतर या क्रमातली सहावी मूळ संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही.