परातीतलं पिवळं पाणी आणि रक्तातली कावीळ

कावीळ उतरवणारा रोग्याच्या हातांना कसलासा रस चोळतो, वरून चुन्याची निवळी ओततो आणि खालच्या परातीत पिवळंजर्द पाणी जमतं. हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं, त्यात हातचलाखी नसते. अडचण एवढीच की कावीळ नसलेल्या माणसाच्या हाताखालीही पाणी तितकंच पिवळं होतं. चोळलेला रस बहुतेक वेळा आंब्याच्या सालीचा असतो. सालीत मँजिफेरिन आणि त्याच्या जातकुळीची पॉलिफेनॉल असतात आणि चुन्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात ती गडद पिवळी होतात. हात न वापरता नुसत्या वाटीत साल आणि निवळी एकत्र केली तरी हाच रंग येतो. (करून बघणार असाल तर चुना डोळ्यांपासून लांब ठेवा.) रसाऐवजी कुणी हळद चोळली तर मात्र फजिती होईल, कारण चुन्याने हळद पिवळी राहत नाही, लाल होते. कुंकू त्यातूनच बनतं.

काविळीच्या माळेचं गणित तर शाळेतलंच आहे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात एकेक करून अडकवतात. समजा काडी 4 मिलिमीटर जाडीची आहे आणि वाळून 3 मिलिमीटर झाली. तिच्याभोवतीचा फास साधारण 3 मिलिमीटरने सैल पडला. असे शंभर तुकडे असतील तर माळ 30 सेंटिमीटर वाढते. डोक्यावरची माळ गळ्यात येते, गळ्यातली पायांत उतरते, आणि कावीळ उतरली असं लोक मानतात. तीच माळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी वाढते, आणि भिंतीला कावीळ होत नाही. तिसरा प्रकार देवडांगरीसारख्या जहाल वनस्पतीचा रस नाकात सोडण्याचा. नाकाचं अस्तर सुजतं, पिवळं पाणी गळतं, आणि लोकांना वाटतं कावीळ निघाली.

खरा पिवळा पदार्थ बिलिरुबिन. तो शरीराबाहेर कसा जातो हे बघितलं की या तिन्ही वाटा त्याच्या नाहीत हे आपोआप कळतं.

आपल्या शरीरात अंदाजे 25 लाख कोटी तांबड्या पेशी असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य सुमारे 120 दिवस. भागाकार केला तर दर सेकंदाला 24 लाख पेशी मोडीत निघतात. हे काम मुख्यतः प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, आणि यकृतात चालतं. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन सुटं होऊन पुन्हा वापरात जातं, लोहही जपून ठेवलं जातं. उरतो तो हीमचा, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या भागाचा, सांगाडा: चार छोट्या कड्यांची मिळून झालेली एक मोठी कडी. एक विकर (एन्झाइम) ही मोठी कडी एका ठिकाणी तोडतं. त्यातून लोह सुटतं, कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो (हो, बंद खोलीतल्या शेगडीचा तोच वायू, पण अगदी थोडा), आणि बनतं हिरवं बिलिव्हर्डिन. दुसरं विकर त्याचं पिवळ्या-नारिंगी बिलिरुबिनमध्ये रूपांतर करतं. मुका मार लागला की डाग आधी काळा-निळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो तो याच क्रमाने. कातडीखाली सांडलेल्या रक्ताचं तिथल्या तिथे हेच चाललेलं असतं.

रोज असं 250 ते 300 मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. ते फेकून द्यायचं तर ते पाण्यात विरघळायला हवं, आणि ते विरघळत नाही. का विरघळत नाही, हा या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे.

तोडलेल्या कडीचे आता दोन अर्धे भाग झाले आहेत, मध्ये एक कार्बनचा सांधा. प्रत्येक अर्ध्या भागाला एकेक आम्लगट, म्हणजे कार्बोक्सिल गट, बाहेर लोंबतो. पाण्याला आवडतात ते हेच गट. ते मोकळे असते तर बिलिरुबिन मिठासारखं नाही तरी बऱ्यापैकी विरघळलं असतं. पण रेणू मधल्या सांध्यात वाकतो, छपराच्या आढ्यावर पालथ्या घातलेल्या कौलासारखा. मग डाव्या भागाचा आम्लगट उजव्या भागातल्या नायट्रोजन-ऑक्सिजनला आणि उजव्याचा डाव्याला हायड्रोजन बंधांनी धरून बसतो. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, असे सहा बंध. शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून बसवतात ना, तसा हा रेणू बसतो. पाण्याला धरायला हात म्हणून शिल्लक राहत नाही. क्ष-किरणांनी ही घडी प्रत्यक्ष दिसली ती 1976 मध्ये. रेणूमध्ये कोणता अणू कुणाला जोडलेला आहे हे मात्र त्याच्या बरंच आधी, हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून, माहीत झालं होतं.

घडी घातलेलं बिलिरुबिन रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून यकृतापर्यंत पोचतं. तिथे UGT1A1, मराठी अक्षरांत यूजीटी-वन-ए-वन, नावाचं विकर त्या दोन्ही आम्लगटांना ग्लुकुरॉनिक आम्लाचा एकेक रेणू जोडतं. हात अडकवले गेले की घडी सुटते, रेणू पाण्यात विरघळतो आणि पित्तात टाकता येतो. आंब्यावरून एक अवांतर: 1883 मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारमधल्या मुंगेरजवळच्या एका गावाचा वृत्तांत लंडनला पाठवला होता. तिथले गवळी गाईंना आंब्याची पानं खायला घालत आणि त्यांचं मूत्र आटवून पिवळा रंग बनवत. त्या रंगाचं रसायन म्हणजे आंब्यातल्या मँजिफेरिनपासून आलेल्या पदार्थाला गाईच्या शरीराने जोडलेलं हेच ग्लुकुरॉनिक आम्ल. नको असलेला पदार्थ बाहेर काढायची ही यकृताची नेहमीची पद्धत आहे, ती बिलिरुबिनपुरती नाही.

पित्तातून बिलिरुबिन आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याचं आधी रंगहीन युरोबिलिनोजेन करतात, त्यातून शौचाला तपकिरी रंग देणारं स्टर्कोबिलिन बनतं. थोडं युरोबिलिनोजेन रक्तात परत शोषलं जातं आणि मूत्रपिंडांतून युरोबिलिन होऊन लघवीला पिवळेपणा देतं. जिवाणूंचं हे काम करणारं विकर नेमकं कोणतं, ते 2024 मध्ये प्रथमच ओळखलं गेलं. त्याला बिल-आर असं नाव आहे.

आता कावीळ म्हणजे काय ते सोपं होतं. या वाटेवर कुठेतरी माल तुंबलेला असतो. रक्तात बिलिरुबिन साधारण 1 मिलिग्रॅमच्या (100 मिलिलिटरमागे) आत असतं. ते 2-3 च्या वर गेलं की डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसतं, कारण तिथल्या इलास्टिन तंतूंना बिलिरुबिन चिकटतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मात्र पिवळा होत नाही. म्हणून काविळीच्या रोग्याला जग पिवळं दिसतं ही म्हण टीका करायला चांगली, वैद्यकात चुकीची.

कुठे तुंबलंय ते रंगच सांगतात. पेशीच जास्त फुटत असतील (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात होतं तसं) तर वाढलेलं बिलिरुबिन घडी घातलेलं असतं. ते अल्ब्युमिनला चिकटलेलं, मूत्रपिंडातून गाळून जाऊ शकत नाही, म्हणून लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असेल तर यकृताने घडी सोडलेलं बिलिरुबिन मागे फिरून रक्तात येतं. ते विरघळतं, म्हणून लघवी कोऱ्या चहासारखी होते. आतड्यात काही पोचत नाही, म्हणून शौच शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते. यकृताच्याच सुजेत दोन्हीचं मिश्रण असतं. लॅबच्या रिपोर्टमध्ये ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असे दोन आकडे असतात, त्यांची नावंसुद्धा घडीवरूनच पडली आहेत. चाचणीचं रसायन मोकळ्या रेणूवर थेट काम करतं. घडी घातलेल्यावर करण्यासाठी आधी अल्कोहोलसारखं काहीतरी टाकून घडी सोडवावी लागते.

नवजात बाळांत ग्लुकुरॉनिक आम्ल जोडणारं यकृतातलं विकर जन्मावेळी मोठ्यांच्या जेमतेम 1 टक्का काम करत असतं आणि तांबड्या पेशी मोडतात मात्र जास्त. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळं पिवळी दिसतात. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीही साधी धरत नाहीत. बिलिरुबिन फार चढलं तर ते मेंदूत शिरून कायमची इजा करतं. ते होऊ नये म्हणून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात.

हा उपाय सापडला इंग्लंडमध्ये, एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात. 1956 मध्ये तिथल्या सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचं अंग फिकट झालं होतं, फक्त एक त्रिकोण गडद पिवळा राहिला होता. चादरीचा कोपरा तिथे पडलेला होता. पुढे खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन कमी भरलं, तेव्हा डॉक्टर रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचा पाळणा बनवला आणि 1958 मध्ये निष्कर्ष छापले.

प्रकाश करतो काय? बिलिरुबिन 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं. रेणूत चौथ्या आणि पंधराव्या जागी एकेक दुहेरी बंध आहे. दोन्हींची ठेवण ‘झेड’ प्रकारची, म्हणूनच दोन भाग एकमेकांसमोर येऊन घडी बसते. प्रकाशकण शोषला की त्यातला एक बंध अर्धा फेरा फिरून ‘ई’ प्रकारचा होतो, टोकाची कडी उलट दिशेला तोंड करते, आणि तिच्या बाजूचे हायड्रोजन बंध सुटतात. काही रेणूंत याच्या पुढे जाऊन नवीन कडी जुळते आणि ल्युमिरुबिन बनतं, त्याला परतीची वाट नाही. ग्लुकुरॉनिक आम्ल न जोडताच हे रेणू पित्तात आणि लघवीत जातात. यकृत विकराने जे करतं तेच दिवा प्रकाशाने करतो: घडी सोडवतो. उजेड कातडीवर पडावा म्हणून बाळाला फक्त लंगोट ठेवतात आणि डोळ्यांवर पट्टी. झबलं-टोपडं घातलेल्या बाळाला खिडकीशी कोवळ्या उन्हात धरून हे काम होत नाही, कारण उघडी कातडी किती आणि निळा प्रकाश किती पडला याचं काही मापच राहत नाही.

मग माळेने लोक बरे का होतात? आपल्याकडची बरीचशी कावीळ पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते, आणि ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. माळ तेवढ्याच दिवसांत वाळते. दिल्लीत डिसेंबर 1955 ते जानेवारी 1956 या काळात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीन वाढवलं होतं, टायफॉइड वाढला नाही, विषाणू मात्र निसटला. तो हिपॅटायटिस ई होता हे पुष्कळ वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं. 2012 मध्ये इचलकरंजीत याच विषाणूची साथ आली होती. त्यामुळे काविळीत उसाचा रस प्या म्हणून सांगणाऱ्यांनी गाड्यावरच्या बर्फाचं पाणी कुठलं तेवढं विचारावं. हळद-तेल बंद करण्याला काही आधार नाही. हळदीचा पिवळा आणि बिलिरुबिनचा पिवळा यांचं काही नातं नाही, आणि मळमळ नसेल तर नेहमीचं जेवण चालतं. दारू पूर्ण बंद. पॅरासिटामॉल किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला पहिल्यांदा ते सांगावं, कारण त्याही यकृताला दुखवू शकतात.

थांबायचं नाही अशा खुणा: झोपाळलेपणा, असंबद्ध बोलणं, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, म्हणून बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढला की डॉक्टर जास्त घाबरतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे. तिथे पहिल्या दिवशीच मोठं रुग्णालय गाठायचं.

आणि बाळाचं पिवळेपण 14 दिवसांनंतरही राहिलं, तर त्याच्या लंगोटावरचा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा. पिवळी किंवा हिरवी शी चालेल. पांढुरकी, मातकट असेल तर पित्त आतड्यात उतरत नाहीये. डायरेक्ट बिलिरुबिन त्याच दिवशी तपासून घ्यावं. पित्तनलिका बंद असल्याचं निघालं तर आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडायची कासाई शस्त्रक्रिया करतात. ती जन्मापासून 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती उतरत जाते. माळ वाळायला पंधरा दिवस लागतात.