वेम्बलीचा पांढरा घोडा : १९२२-२३च्या एफए कपमागची आणि पुढची गोष्ट

इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा विषय निघाला की एक जुनं छायाचित्र हमखास समोर येतं. लंडनच्या वेम्बलीचं कोरं करकरीत मैदान, पण हिरवळ कुठेच दिसत नाही. जिकडेतिकडे टोप्या, कोट आणि डोकी. त्या गर्दीत एक घोडेस्वार पोलीस, आणि त्याचा पांढराशुभ्र घोडा. तारीख २८ एप्रिल १९२३. बोल्टन वॉंडरर्स आणि वेस्ट हॅम युनायटेड यांच्यातला अंतिम सामना. इंग्लंडमध्ये त्याला आजही ‘पांढऱ्या घोड्याची फायनल’ म्हणतात आणि प्रेमाने म्हणतात. मला मात्र हे चित्र पाहिलं की घोड्याआधी त्या माणसांच्या पायाखालची मोकळी हिरवळ दिसते. त्या दिवशी शेकडो जीव वाचले ते तिच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एफए कप ही जगातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. हरला तो घरी, एवढा साधा नियम. ही कल्पना फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांची; हॅरोच्या शाळेत वसतिगृहांमध्ये अशाच बाद पद्धतीने सामने होत, ते त्यांनी पाहिले होते. १८७१-७२च्या पहिल्या हंगामात १५ संघांनी नावं दिली. लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर झालेल्या पहिल्या फायनलला जेमतेम २ हजार माणसं होती. पुढच्या तीस वर्षांत सगळं पालटलं. गिरणी कामगारांना शनिवारची अर्धी सुट्टी मिळू लागली, रेल्वे स्वस्त झाली, उत्तरेकडच्या कापड आणि कोळशाच्या गावांनी हा खेळ आपलासा केला. १९०१ साली क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर टॉटनहॅमची फायनल पाहायला १ लाख १० हजारांवर लोक आले.

मग महायुद्ध आलं. १९१५च्या फायनलनंतर चार वर्षं स्पर्धाच झाली नाही. १९२०पासून तीन अंतिम सामने चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिजवर झाले, पण जुनी गर्दी परतली नाही. १९२२च्या फायनलला सुमारे ५३ हजारच प्रेक्षक होते. पुढच्या वर्षीचा सगळा गोंधळ समजून घ्यायचा तर हा आकडा ध्यानात ठेवायला हवा.

त्याच सुमारास वेम्बलीत एक प्रचंड स्टेडियम उभं राहत होतं, ते मुळात फुटबॉलसाठी नव्हे. १९२४ साली भरायच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचं ते मुख्य आकर्षण. जागा निवडली तीही एका फसलेल्या स्वप्नाची. रेल्वेचे बडे कारभारी एडवर्ड वॉटकिन यांना तिथे आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधायचा होता. पहिल्या टप्प्यापुढे काम सरकलं नाही आणि १९०७ साली तो सांगाडाही पाडून टाकला. त्या टेकाडावर ३०० दिवसांत, साडेसात लाख पौंड खर्चून काँक्रीटचं स्टेडियम उभारलं. क्षमता सव्वा लाखाच्या वर. काम संपलं सामन्याच्या चार दिवस आधी.

असोसिएशनपुढे प्रश्न होता तो एवढी जागा भरणार कशी हा. मागच्या वर्षीचे ५३ हजार डोळ्यांपुढे होते. म्हणून सुमारे ३५ हजार राखीव जागांची तिकिटं आधी विकली आणि बाकीच्यांनी फाटकावर पैसे भरून आत यावं, असं ठरलं. जाहिरातही भरपूर केली.

त्यात फायनलला कोण पोहोचलं? वेस्ट हॅम. टेम्सकाठच्या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांचा संघ म्हणून सुरू झालेला पूर्व लंडनचा क्लब, तेव्हा लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. उपांत्य सामन्यात त्यांनी डर्बी काउंटीला ५-२ असं धुतलं होतं. पूर्व लंडनचा संघ, लंडनमधलीच फायनल, नवं कोरं स्टेडियम, दारापर्यंत रेल्वे, राजा पंचम जॉर्ज स्वतः येणार आणि वर शनिवारी लख्ख ऊन. घरी कोण थांबणार?

फाटकं साडेअकराला उघडली. एक वाजेपर्यंत लोंढा आवरेनासा झाला. पावणेदोनला फाटकं बंद केली, तरी माणसं येतच होती. बाहेर अडकलेल्यांनी भिंतींवर, फाटकांवर चढून आत उड्या टाकल्या. अधिकृत नोंद आहे १,२६,०४७ प्रेक्षकांची. प्रत्यक्षात दोन लाख होते की तीन, यावर आजही वाद आहे. बोल्टनच्या खेळाडूंची गाडीच गर्दीत अडकली, तेव्हा ते उतरून स्टेडियमपर्यंत चालत गेले.

गर्दीने ज्याला ऐन सकाळी लोकलमध्ये किंवा रेल्वेच्या पुलावर कधी उचलून नेलं असेल, त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. मागचा माणूस वाईट नसतो. पुढे काय चाललंय ते त्याला दिसत नसतं, इतकंच. तो एक पाऊल टाकतो, त्याच्या मागचा आणखी एक, आणि तो सगळा दाब साचतो सर्वांत पुढच्या माणसाच्या छातीवर. वेम्बलीत तो दाब पुढे सरकत आला, आणि पुढे होता एक बुटका कठडा आणि पलीकडे मैदान. लोकांनी कठडा ओलांडला. बघता बघता खेळाची सगळी हिरवळ माणसांनी भरली.

पावणेतीनला राजा आला तेव्हा मैदानात गोल करायचा खांबही धड दिसत नव्हता. बँडने राष्ट्रगीत वाजवलं, आणि त्या अफाट गर्दीने उभ्या जागी ते गायलं. मग घोडेस्वार पोलीस आले. त्यातले एक जॉर्ज स्कोरी, आणि त्यांचा घोडा बिली. बिली खरं तर राखाडी होता. त्या काळच्या कृष्णधवल चित्रफितीत तो पांढरा उमटला आणि इतिहासात पांढराच राहिला. दांडक्याचा वापर नाही, आरडाओरडा नाही. स्कोरींनी पुढच्या ओळीतल्या लोकांना एकमेकांचे हात धरायला सांगितलं, आणि पावलापावलाने मागे सरकायला लावलं. घोडा नाकाने, अंगाने हळूच रेटत होता. हळूहळू एक वर्तुळ मोकळं झालं, मग गोलपर्यंतची पट्टी, मग सीमारेषा. त्या दिवशी अनेक पोलीस राबले, घोडेही अनेक होते, पण पांढरा एकच दिसला म्हणून नाव त्याचं झालं. माणूस आणि जनावर या दोघांनी दाखवलेला तो संयम खरोखर हात जोडावा असा आहे.

सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक अक्षरशः रेषेवर उभे होते. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल केला. त्या क्षणी वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसाडर्न थ्रो टाकून प्रेक्षकांत अडकला होता, त्याला मैदानात परत येता येत नव्हतं. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा जाळ्याला मागून चिकटून माणसं उभी होती. पुढे गर्दी पुन्हा आत आली आणि खेळ थांबवावा लागला. मध्यंतराला खेळाडूंना आत जायला वाटच नव्हती. काही मिनिटं मैदानातच थांबून त्यांनी बाजू बदलल्या. दुसऱ्या गोलच्या वेळी चेंडू रेषेबाहेर जाऊन प्रेक्षकाला लागून परत आला, अशी तक्रार वेस्ट हॅमने केली, पण पंचांनी गोल दिला. बोल्टन २-० असं जिंकलं. घोड्यांच्या टापांनी मैदान उखडल्यामुळे आपल्या बगलेच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या, खेळाडूंना पळता आलं नाही, ही वेस्ट हॅमची खंत. मला ती रास्त वाटते. त्या संघाचा सगळा खेळच बगलांवरून चालायचा.

जवळजवळ हजार लोकांना किरकोळ-मोठी दुखापत झाली. मेलं कोणीही नाही. सोमवारी संसदेत प्रश्न विचारले गेले. माजी गृहमंत्री एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९२४ साली तिने अहवाल दिला: जबाबदारी कोणाची ते आधी ठरवा, मैदानाच्या क्षमतेचा विचार करा, आगीची काळजी घ्या. असोसिएशनने या समितीपुढे साक्ष द्यायला नकार दिला होता. समितीनेही कायद्याचा आग्रह न धरता क्रीडासंस्थांच्या शहाणपणावर सगळं सोपवलं. १९२४पासून फायनलची सर्व तिकिटं आधीच विकायची पद्धत सुरू झाली, आणि प्रकरण मिटलं असं सर्वांनी धरलं. लोकांच्या मनात उरला तो घोडा.

पुढचा घाला याच स्पर्धेत, आणि याच बोल्टनच्या मैदानावर पडला. ९ मार्च १९४६, बर्नडेन पार्क, स्टोक सिटीविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. दुसऱ्या महायुद्धानंतरचा पहिला हंगाम, समोर स्टोकचा नामवंत खेळाडू स्टॅनली मॅथ्यूज खेळणार, आणि गर्दी १९२३सारखीच फाटकं-भिंती ओलांडून आत आली. प्रेक्षकांनी उभं राहायच्या उतारावरचे दोन कठडे मोडले. ३३ माणसं गुदमरून आणि चेंगरून मेली. खेळ थोडा वेळ थांबला, मग सीमारेषा आत ओढून, मृतदेह मैदानाच्या कडेला झाकून ठेवून पुन्हा सुरू झाला. पुन्हा चौकशी झाली, पुन्हा शिफारशी आल्या. मैदानांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला तो १९७५ साली, तोही ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१मध्ये ६६ माणसं मेल्यानंतर.

मधल्या काळात एक गोष्ट उलट्या दिशेने गेली. सत्तरच्या दशकात प्रेक्षकांच्या मारामाऱ्या वाढल्या, आणि क्लबांनी उभं राहायच्या जागांपुढे उंच लोखंडी जाळ्या ठोकल्या. १९२३ला गर्दी जिथे सांडली, ती वाटच बंद झाली.

शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर १९८१ साली एफए कपच्या उपांत्य सामन्यात गर्दीचा दाब वाढला, ३८ जण जखमी झाले. पोलिसांनी जाळीची दारं उघडून लोकांना मैदानाच्या कडेला बसू दिलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्यानंतर काय केलं, तर त्याच उतारावर आणखी आडव्या जाळ्या घालून त्याचे कोंडवाड्यासारखे कप्पे पाडले. आठ वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ला, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना तिथेच होता. बाहेरची गर्दी कमी करायला पोलिसांनी बाजूचं मोठं फाटक उघडलं. लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेले, जे आधीच खच्चून भरले होते. जाळीवर चढणारी माणसं जीव वाचवायला धडपडत होती, आणि पोलिसांना आधी वाटलं की हे मैदानात घुसून दंगा करणार आहेत. खेळ ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला. ९७ जणांचा जीव गेला.

चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी १९९०च्या अहवालात नोंदवलं की फुटबॉल मैदानांवरच्या सुरक्षेबद्दलचा हा नववा सरकारी अहवाल आहे. त्यांच्या शिफारशीनुसार जाळ्या निघाल्या आणि मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची आली. चेंगरून मेलेल्यांवरच बेजबाबदारपणाचा आळ घेतला गेला होता. तो पुसायला त्यांच्या घरच्यांना २०१६ सालच्या न्यायपंचांच्या निर्णयापर्यंत झगडावं लागलं.

जुनं वेम्बली पाडून नवं उभं राहत होतं, तेव्हा २००५ साली तिथल्या पादचारी पुलाला नाव देण्यासाठी लोकांकडून मतं मागवली. लोकांनी निवडलं ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’. बोल्टनने बर्नडेन पार्क १९९७मध्ये सोडलं. तिथे आता सुपरमार्केट आहे, आणि १९४६च्या त्या ३३ जणांची आठवण म्हणून भिंतीवर एक फलक लावलेला आहे.