पाटाच्या काठाकाठाने: व्हॅलेच्या द्राक्षमळ्यांची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडची 100 फ्रँकची सध्याची नोट 2019 साली चलनात आली. तिच्या एका बाजूला उभा कडा आहे आणि कड्याच्या अंगाला चिकटून गेलेला लाकडी पाट. हा आयाँ गावचा पाट. बांधला 1442 च्या सुमारास. आज व्हॅले प्रांतात जे पर्यटक दिवसभर डोंगरात चालतात आणि वाटेत मळ्यातल्या खोपीत बसून वाइन चाखतात, त्यांच्या पायाखालची वाट आणि पेल्यातली द्राक्षं या दोन्हींमागे असेच पाट आहेत.

व्हॅले म्हणजे ऱ्होन नदीचं वरचं खोरं. मॅटरहॉर्न हे प्रसिद्ध शिखर इथलंच. चारी बाजूंना बर्फाची शिखरं पाहून इथे पाण्याला काय तोटा, असं कुणालाही वाटेल. पण उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढग अडवतात. मधल्या खोऱ्यात, सियों शहराजवळ, वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांइतका. त्यात अधूनमधून फ्योन नावाचा कोरडा, गरम वारा सुटतो. द्राक्षाला असं ऊन मानवतं. मात्र वेल जगवायला पाणी लागतंच, आणि ते होतं वर, हिमनद्यांच्या पोटात. ऊन तापलं की बर्फ वितळतं, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच पाणी सुटतं. प्रश्न होता ते दऱ्याखोऱ्यांतून उतारावरच्या शेतात आणण्याचा.

या पाटांना फ्रेंच बोलणारे ‘बीस’ म्हणतात, खोऱ्याच्या वरच्या भागातले जर्मनभाषक ‘सुओने’. ते द्राक्षासाठीच खणले, असं सांगणं सोपं आहे, पण खरं नाही. 1349 च्या प्लेगमध्ये खोऱ्यातली माणसं मोठ्या संख्येने गेली. मागे उरलेल्यांनी धान्याखालची बरीच जमीन गवताला दिली आणि गुरं वाढवली, कारण दक्षिणेकडच्या इटालियन शहरांत मांसाला गिऱ्हाईक होतं. गवत वाढवायला पाणी हवं, म्हणून पंधराव्या शतकात पाटांच्या कामाला एकदम जोर आला. द्राक्षमळा तिथे आधीपासून होता. 1313 च्या एका दस्तऐवजात इथल्या द्राक्षजातींची नावं आली आहेत. सियोंच्या मळ्यांवरून जाणारा क्लाव्होचा पाट 1453 चा, आणि तो आजही मळे भिजवतो.

साव्हिएझ गावचा पाट 1430 ते 1448 या काळात झाला. कड्यात भोकं पाडायची, त्यांत लाकडी आडव्या तुळया ठोकायच्या आणि त्यांवर फळ्यांची पन्हळ बसवायची. बाजूला राखणदाराला चालायला एखादी फळी, खाली सरळ दरी. हिवाळ्यात बर्फ आणि दगड कोसळून फळ्या तुटायच्या, म्हणून दर वसंतात माणसं पुन्हा कड्यावर. मला या सगळ्यात सर्वांत हुशारीचा वाटतो तो हातोडा. पाटात छोटं पाणचाक बसवलेलं असे आणि त्याच्या फेऱ्याने लाकडी हातोडा फळीवर आपटत राही. ठक ठक चालू आहे तोवर पाणी चालू. आवाज थांबला की राखणदाराने उठायचं आणि कुठे फुटलंय ते पाहायला निघायचं, मग रात्र असो की पाऊस.

पाण्याच्या पाळ्याही गावकरी मंडळीच ठरवत. कुणाचा किती वेळ हक्क, ते लाकडाच्या तुकड्यांवर खाचा पाडून नोंदवलेलं असे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही खाच कळते.

वाइन आणि पायपीट यांचं नातं इथे पर्यटनाहून जुनं आहे. आनिव्हिए खोऱ्यातली कुटुंबं गुरं-वासरं घेऊन उंचावरच्या गावांतून खाली सिएरच्या मळ्यात उतरत, मळ्याची कामं उरकत आणि परत चढत. तयार वाइन वर नेऊन लार्च लाकडाच्या पिंपांत ठेवत. ग्रिमेंत्स गावात 1886 पासूनचं एक पिंप आजही आहे. ते कधी पूर्ण रिकामं करत नाहीत, काढलं तेवढं नव्याने भरतात. हिला म्हणतात ‘हिमनदीची वाइन’. ती बाटलीतून विकत मिळत नाही, वर गावात जाऊन तळघरातच चाखावी लागते.

1865 मध्ये मॅटरहॉर्न सर झाला आणि गिर्यारोहकांची रीघ लागली. पण ती मंडळी खालचे मळे ओलांडून थेट वर जात. आपल्याकडचे बहुतेक प्रवासीही आज विस्पला गाडी बदलून सरळ मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झरमॅटला जातात. जवळच विस्परटर्मिननचे मळे 1,150 मीटरपर्यंत चढले आहेत आणि तिथे ‘हायडा’ नावाची पांढरी वाइन होते. तिथे उतरायला हवं.

विसाव्या शतकात बोगदे आणि नळ आले. साव्हिएझच्या कड्यावरचा पाट 1935 मध्ये बंद पडला, पाणी डोंगराच्या पोटातून जाऊ लागलं. राखणदाराची वाट मात्र उरली. पाणी हळू वाहावं म्हणून पाटाला उतार अगदी कमी ठेवलेला असतो, त्यामुळे बऱ्याच पाटांच्या काठची वाट म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनाही झेपते. हे लक्षात आलं तेव्हा गावांनी जुने पाट दुरुस्त केले. साव्हिएझला झुलते पूल टाकून कड्यावरची वाट पुन्हा खुली केली. 2023 च्या डिसेंबरात युनेस्कोने स्वित्झर्लंडसह सात युरोपीय देशांतल्या पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

क्लाव्होच्या पाटावर आज चालताना एका हाताला बिनचुन्याचे उंच दगडी बांध असतात, दुसऱ्या हाताला पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले मळे. मधेच एखादी खोप लागते. पूर्वी मळेकरी तिथे अवजारं ठेवायचे, आता काही खोपींत बाकं मांडली आहेत. फाँदाँ मागितली तर शास्ला द्राक्षाची हलकी पांढरी वाइन छोट्या पेल्यात येते, सोबत राय पावाचा तुकडा आणि चीज. बाकाला लागूनच पाट वाहतो.