माडांच्या सावलीत जीपीएस: जुन्या मॉड्यूलमधून अचूक १० मेगाहर्ट्झ

कोकण किनाऱ्यावरून क्यूओ-१०० हा हॅम (हौशी रेडिओवाल्यांचा) उपग्रह छान ऐकू येतो. रत्नागिरीतून तो पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३३ अंश वर असतो. घोडं अडतं ते फ्रिक्वेन्सीपाशी. डिशवरच्या एलएनबीत, म्हणजे सिग्नल पकडून त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणणाऱ्या डबीत, २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची ३९० पट करून ९७५० मेगाहर्ट्झ मिळवतात. क्रिस्टल दशलक्षात एका भागाने जरी सरकला, तरी स्टेशन पावणेदहा किलोहर्ट्झ लांब जातं. एसएसबीचा (हॅम मंडळी बोलायला वापरतात त्या पद्धतीचा) अख्खा चॅनेल मात्र २.७ किलोहर्ट्झचा. म्हणून जीपीएसच्या वेळेशी बांधलेला, न सरकणारा १० मेगाहर्ट्झचा संदर्भ हवा, आणि तो जुन्या मॉड्यूलवर उत्तम जमतो.

मॉड्यूल निवडताना जागा किती अचूक दाखवतं ते पाहू नका, टाइमपल्सची, म्हणजे जीपीएसच्या वेळेवर ठोका देणारी, पिन पाहा. बोटीवरच्या जुन्या जीपीएसमध्ये ती क्वचितच बाहेर काढलेली असते. ड्रोन आणि वाहन-ट्रॅकरमधून निघालेल्या यू-ब्लॉक्स कंपनीच्या मॉड्यूलपैकी नियो-६एम अधिकृतपणे १ किलोहर्ट्झपर्यंतच पल्स देतं. नियो-७एम १० मेगाहर्ट्झपर्यंत जातं. खरी पर्वणी म्हणजे एलईए-६टीसारखं टायमिंग मॉड्यूल. अँटेनाची जागा एकदा पक्की करून दिली की त्याला वेळेसाठी एकच उपग्रह पुरतो. माडांनी निम्मं आकाश झाकलेल्या वाडीत हा गुण लाख मोलाचा.

मॉड्यूल हातात आल्यावर ते यू-सेंटर या सॉफ्टवेअरला जोडा आणि मॉन-व्हर संदेशाने आवृत्ती वाचा. चिपवरचा छाप आणि उत्तर जुळलं नाही तर माल नकली समजा. मग सीएफजी-टीपी५ या टाइमपल्सच्या सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी भरा. उपग्रह लॉक नसतानाची फ्रिक्वेन्सी आणि पल्सची रुंदी दोन्ही शून्य ठेवा, म्हणजे चुकीचा संदर्भ गुपचूप बाहेर पडणार नाही. नियो-७एममध्ये फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) नसते. बोर्डावरचा छोटा सेल मेलेला असेल आणि वेगळी ईईप्रॉम (टिकाऊ मेमरीची चिप) नसेल, तर वीज गेली की सेटिंग पुसलं जातं.

जुनं मॉड्यूल तारीख १०२४ आठवडे, म्हणजे सुमारे १९.६ वर्षं, मागची दाखवत असेल तर ते फेकू नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा तेवढ्या आठवड्यांनी शून्यावर येतो; याआधी तो एप्रिल २०१९ मध्ये आला. तारीख चुकली तरी सेकंदाचा पल्स बरोबरच पडतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

नियो-७एममधून थेट १० मेगाहर्ट्झ काढता येतात, पण आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं आहे. ४८ ला १० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे कडा सुमारे २१ नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांनी मागेपुढे होतात. ८ मेगाहर्ट्झ बरेच स्वच्छ निघतात. काउंटर तपासायला दोन्ही चालतील. मायक्रोवेव्हला चालणार नाहीत, कारण गुणाकारात ही थरथरही वाढते. तिथे टेलिकॉम बोर्डावरून काढलेला १० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ, म्हणजे एकसारख्या तापमानात ठेवलेला स्थिर क्रिस्टल ऑसिलेटर, लागतो. दोन ७४एचसी३९० चिपमधले तीन दशक-विभाजक वापरून त्याचे १० किलोहर्ट्झ करा, मॉड्यूललाही १० किलोहर्ट्झवर लावा आणि ७४एचसी८६ या चिपच्या एका एक्सऑर गेटने दोघांची तुलना करा. गेटचं आउटपुट फिल्टरमधून ओसीएक्सओच्या कंट्रोल पिनला द्या, म्हणजे तो जीपीएसच्या मागे चालतो. हा फिल्टर १ मेगाओहम आणि ४७ मायक्रोफॅरडचा. कपॅसिटरच्या मालिकेत ४७० किलोओहम हवाच, नाहीतर लूप झोके घेत राहतो. साधा इलेक्ट्रोलिटिक इथे नको, तो गळतो. पावसाळ्यात बोर्डावर दमट थर बसला की मेगाओहमच्या सांध्यावरून तशीच गळती होते आणि कंट्रोल व्होल्टेज भरकटतं. सोल्डरिंगचा फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, सुकवून, वर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) मारा. ओसीएक्सओची कंट्रोल पिन करंट ओढत असेल तर मध्ये सीमॉस ऑप-अँपचा बफर घाला.

अँटेना कौलांखाली ठेवलीत तर उन्हाळ्यात चालेल, पण ओली कौलं सिग्नल खातात. ती पन्हळीच्या वर, उघड्यावर न्या. जोडण्याआधी तिचं व्होल्टेज पाहा: बऱ्याच जुन्या टायमिंग अँटेना ५ व्होल्टच्या असतात आणि छोटी मॉड्यूल ३.३ व्होल्टच देतात. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. सिग्नल दर पावसाळ्यात थोडाथोडा उतरत गेला तर मॉड्यूल बदलण्याआधी केबलचं टोक सोलून बघा. जाळी हिरवी किंवा काळी पडली असेल तर खारं पाणी आत शिरलंय. तेवढी केबल चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून नवा कनेक्टर बसवा.