डबल स्टॅक की स्टेज टू? पीएसटी उघडायच्या आधी हे वाचा

पीएसटीवर (कोरोनाडोची 40 मिमी भिंगाची, सूर्य बघायची छोटी दुर्बीण) सूर्याचे फोटो काढायला लागलं की थोड्याच दिवसांत वाटतं अजून भारी यायला पाहिजेत, आणि मग दोन नावं कानावर पडतात, डबल स्टॅक, म्हणजे पुढे अजून एक फिल्टर लावणं, आणि स्टेज टू मॉड, म्हणजे पीएसटीच्या आतला फिल्टर मोठ्या दुर्बिणीला जोडणं. दोन्हीने फोटो सुधारतो हे खरं, पण लोक दोन्हीला एकच समजतात आणि पैसे भलतीकडे जातात. (सॉफ्टवेअरमध्ये अनेक फोटो एकावर एक रचतात त्या फ्रेम स्टॅकिंगशी डबल स्टॅकचा काही संबंध नाही, तेही आधीच सांगून ठेवतो.)

उन्हाळ्यात पर्वतीवरून सिंहगडाकडे बघा. हवा धुरकट असली की गडावरचा टॉवर दिसतच नाही, दुर्बीण लावली तर धुरकटपणाच मोठा दिसतो. वळीव पडून गेला की टॉवर स्वच्छ दिसतो, पण त्याच्या जाळीच्या पट्ट्या मोजायच्या तर दुर्बीणच पाहिजे. डबल स्टॅक म्हणजे तो वळीव आणि स्टेज टू म्हणजे ती दुर्बीण.

पीएसटीचा एटलॉन (प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टा सोडणारा आतला फिल्टर) 656.28 नॅनोमीटरच्या आसपास साधारण 1 अँगस्ट्रॉमचा (0.1 नॅनोमीटर) पट्टा सोडतो, त्यात एच-अल्फाच्या (हायड्रोजनचा लाल प्रकाश, तोच आपल्याला हवा) आजूबाजूचा फोटोस्फिअरचा, म्हणजे सूर्याच्या झगझगीत पृष्ठभागाचा उजेडही घुसतो, म्हणून बिंब सपाट दिसतं. पुढे दुसरा 40 मिमीचा एटलॉन लावला की पट्टा अरुंद होतो, फिलामेंट (बिंबावरचे वायूचे गडद धागे) काळेभोर उठून येतात. पण उजेड बराच घटतो, एक्सपोजर वाढवावं लागतं, कडेचे प्रॉमिनन्स (कडेबाहेर दिसणाऱ्या वायूच्या ज्वाळा) मंदावतात आणि दोन एटलॉनमधल्या परावर्तनाने सूर्याची दुसरी फिकट प्रतिमा दिसते, मग पुढचा एटलॉन जरा तिरका करायचा. बारकावे मात्र होते तेवढेच राहतात.

कारण बारकावे ठरतात भिंगाच्या व्यासावर. 40 मिमीचं भिंग इथे जेमतेम 4 आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग म्हणजे 1 आर्कसेकंद) वेगळं करतं, सूर्यावर 1 आर्कसेकंद म्हणजे सुमारे 725 किमी, म्हणजे 3000 किमीपेक्षा बारीक काही सुटं दिसणार नाही. 80 मिमी घेतलं की हा आकडा निम्म्यावर येतो. स्टेज टू मध्ये पीएसटीची पुढची नळी काढून एटलॉनचा भाग 80 मिमी एफ/10 (फोकल लेंथ व्यासाच्या दहापट) रिफ्रॅक्टरला, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीला जोडतात, फोकसच्या 200 मिमी अलीकडे, कारण तिथे एफ/10 चा प्रकाशाचा शंकू बरोबर 20 मिमी रुंद असतो आणि एटलॉनही तेवढाच. एफ/6 ची दुर्बीण जोडलीत तर तो शंकू तिथे 33 मिमीचा होतो, कडेचा प्रकाश वाया.

अॅडाप्टर भोसरीत लेथवर करून मिळतो, फक्त माप कागदावर लिहून नेऊ नका, तो भागच घेऊन जा आणि आटे बसवून बघितल्याशिवाय हलू नका, पीएसटीचे आटे नेहमीच्या मापाचे नाहीत. अजून एक अडचण ऐनवेळी लक्षात येते. 400 मिमी फोकल लेंथला सूर्याची प्रतिमा 3.7 मिमी असते, 5 मिमीच्या ब्लॉकिंग फिल्टरमधून (एटलॉनमागचा, नको तो प्रकाश अडवणारा) आरामात जाते, 800 ला ती 7.4 मिमी होते, म्हणजे पूर्ण बिंब मावतच नाही. मग मोझेक करा (तुकड्यातुकड्याने फोटो काढून जोडा) नाहीतर 10 मिमीचा ब्लॉकिंग फिल्टर घ्या.

आणि हे मनापासून सांगतो, 80 मिमी चौपट प्रकाश गोळा करतं, त्यामुळे पुढे एनर्जी रिजेक्शन फिल्टर (नको ती उष्णता बाहेरच अडवणारा) लागतोच लागतो, आणि ब्लॉकिंग फिल्टर कधीही काढायचा नाही. एटलॉन एकटा कंगव्याच्या दातांसारखे अनेक पट्टे सोडतो, डोळा जाईल.

तुमचाच फोटो नीट बघा. कड धारदार पण बिंब सपाट असेल तर डबल स्टॅक, बिंबावर फिलामेंट दिसतायत पण कडेचे प्रॉमिनन्स लगद्यासारखे चिकटलेत तर स्टेज टू. पुण्यात स्लॅब तापायच्या आधीची सकाळच खरी आपली, आणि गच्चीवरून 80 मिमीच्या पुढे जाऊन फारसं हाती लागत नाही असं माझं मत आहे.

दोन्ही करायचं मनात असेल तर स्टेज टू आधी करा. 40 मिमीचा पुढे लावायचा एटलॉन आधी घेतलात तर तो 80 मिमीच्या भिंगापुढे कामाला येत नाही, लावलात तर दुर्बीण परत 40 चीच होते, तिथे दुसरा एटलॉन आतच बसवावा लागतो.