सोळा की अठरा : अल्पवयीनांच्या शिक्षेचा कायदा इथवर कसा आला

पुण्यात कोयता नाचवणारी टोळी पकडली आणि त्यात सतरा वर्षांची पोरं निघाली, की मागणी ठरलेली असते : यांना सज्ञानांसारखी शिक्षा द्या, बाकीचे आपोआप वठणीवर येतील. कायदा मात्र बराच काळ उलट्या दिशेने चालला होता.

मुलांना तुरुंगातल्या सराईतांपासून लांब ठेवावं, हा विचार इंग्रजी अमदानीतला. त्यातून मुंबई इलाख्यात 1924 चा बालकायदा आला. स्वातंत्र्यानंतर 1986 मध्ये देशभरासाठी एक कायदा झाला. त्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी अठराव्या वर्षापर्यंत अल्पवयीन धरली जाई. 1992 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि 2000 च्या कायद्याने दोघांसाठीही अठरा वर्षं ठरली. तेव्हा यावर फारसं कुणी हातघाईवर आलं नव्हतं.

16 डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराने चित्र पालटलं. सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता. त्याला कायद्यातली कमाल शिक्षा झाली : सुधारगृहात तीन वर्षं. या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्येच वय कमी करायला नकार दिला होता. पुढे गंभीर गुन्ह्यांत सोळा वर्षांवरच्या मुलांना सज्ञान धरू पाहणाऱ्या सरकारच्या नव्या विधेयकावर संसदेच्या स्थायी समितीनेही आक्षेप घेतले. तरी मे 2015 मध्ये लोकसभेने ते मंजूर केलं, आणि राज्यसभेत ते पडून राहिलं. 20 डिसेंबरला तो मुलगा सुटला. 22 डिसेंबरला, पीडितेचे आईवडील प्रेक्षक सज्जात बसलेले असताना, राज्यसभेने ते पारित केलं. अशा दिवशी विरोधात बोलायला छाती लागते.

जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या या कायद्यात वय अठराच राहिलं. पण 16 ते 18 मधल्या मुलावर 'निर्घृण' गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला सज्ञान म्हणून खटल्यासाठी पाठवू शकतं. मूल्यांकनात त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहायची असते. फाशी तेव्हाही देता येत नाही.

याने जरब बसते का? अमेरिकेने हा प्रयोग आधी करून पाहिला आहे. न्यूयॉर्कने 1978 मध्ये तेरा वर्षांच्या मुलावरही खुनासाठी मोठ्यांच्या कोर्टात खटला चालवायची सोय केली. अशा कायद्यांवरच्या अभ्यासांचा आढावा 2007 मध्ये तिथे तज्ज्ञांच्या कृतिगटाने घेतला. मोठ्यांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं पुढे जास्त हिंसक गुन्हे करतात, असं त्यात दिसलं. बाकीच्या पोरांना धाक बसल्याचा पुरेसा पुरावा काही मिळाला नाही. टोळक्यात मिरवायला निघालेला सतरा वर्षांचा पोरगा कलमं वाचून घराबाहेर पडत नाही, हे कुठल्याही पोलिस चौकीत कळतं.

आपल्याकडच्या तरतुदीला आणखी एक मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, तोच 'निर्घृण', असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्श मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह जामीन मिळाला आणि राज्यभर संतापाची लाट उसळली. त्याला सज्ञान ठरवावं, असा अर्ज पोलिसांनी केला. पण तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत सदोष मनुष्यवधाच्या कलम 304 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असली, तरी किमान शिक्षा नव्हती. जुलै 2025 मध्ये मंडळाने तो अर्ज फेटाळला.